ओवीतला बसरा कोणत्या लढाईतला?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जात्यावरच्या ओव्यांत पलटणीत गेलेला भाऊ भेटतो, इराकमधलं बंदर बसरा भेटतो. साल मात्र भेटत नाही. ते साल कागदातून काढायचं, एवढाच हा उद्योग.

ओवी कानावर पडेल तशी उतरवायची. शुद्ध करायला गेलं की गावाचं नाव हातचं जातं. त्याच बैठकीत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, ओवी आईची की बहिणीची. भाऊ माहेरचा आणि लेक सासरचा; मी सासरच्या गावात भाऊ शोधत बसलो आणि कितीतरी दिवस फुकट गेले. दुसरी, खरं नाव. 'राघू' हे लाडाचं नाव, ते कुठल्याच यादीत सापडत नाही.

'बसरा' शब्दाने फसू नये. हिंदी फौजा तिथे नोव्हेंबर १९१४ मध्ये उतरल्या, तशाच एप्रिल १९४१ मध्येही. कुणी 'कूत' (हेही इराकमधलंच गाव) म्हटलं तर मात्र बहुधा पहिलं महायुद्ध. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. १९२२ मध्ये आकडे बदलले आणि त्यांच्या अनुक्रमे पहिली, तिसरी, पाचवी बटालियन झाल्या. घरात 'तिसरी पलटण' एवढंच आठवत असेल आणि माणूस १९१६ चा असेल, तर शोध ११० मध्ये घ्यायचा.

पुढचा थांबा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची, यादी. नावाने शोधू नका. कारकुनाने ते कसं लिहिलं याचा नेम नाही. 'अधिक माहिती'च्या रकान्यात बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाका आणि पलटणीत 'मराठा' जुन्या पद्धतीने लिहा: आर च्या आधी एच, पुढे दोन टी. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं, म्हणून 'बेळगाव' लिहिलेला माणूस आज कोल्हापूर जिल्ह्यातलाही निघतो. येळ्ळूरसारख्या नावात एल एक की दोन, दोन्ही करून बघावं.

मृत्यूची तारीख २९ एप्रिल १९१६ नंतरची असेल तर 'वेढ्यात पडला' असं घाईने लिहू नये. त्या दिवशी कूतमधल्या फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली आणि नंतर अनेक हिंदी कैद्यांना रास अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं होतं.

लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात वॉर डायऱ्या, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदवह्या, 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत आहेत. गोरा अधिकारी नावाने येतो, शिपाई बहुधा आकड्यात: आज इतके ठार, इतके जखमी. त्यामुळे तारीख आधी यादीतून घ्यायची आणि मग डायरीत त्या दिवशी पलटण कुठे होती ते बघायचं. उलट दिशेने गेलं की शेकडो पानं चाळूनही हाती काही लागत नाही.

बसऱ्याच्या स्मारकावरही अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांची नुसती संख्या. काही गावांत चावडीपाशी लावलेल्या संगमरवरी पाटीवरही तेच: १९१४ ते १९१९, इतके गेले, इतके पडले. तो आकडा टिपून ठेवा, यादीतून निघालेली नावं त्याच्याशी पडताळता येतात. नावं कमी भरली तर पुन्हा त्याच गल्लीत जाऊन विचारायचं, राघूचं खरं नाव काय होतं.