एका स्ट्रॉची हवा, वर्षभराचं हवामान

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात आल्यावर पहिल्याच वसंतात माझ्या शाळेत टोर्नेडोचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळापासून बचावाचा, सराव झाला. स्पीकरवर घोषणा झाली, मुलं रांगेनं खिडक्या नसलेल्या बोळात गेली आणि भिंतीकडे तोंड करून, मानेवर हात घेऊन वाकून बसली. मोजणी केली तर एक मुलगा कमी. आमचा कर्णबधिर विद्यार्थी वर्गातच होता, दाराकडे पाठ करून चित्र रंगवत. सराव होता म्हणून निभावलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता त्या वर्गात लुकलुकणारा दिवा आहे. सरकारी हवामान खात्याच्या इशाऱ्यांचा रेडिओ इथे बऱ्याच घरांत असतो. त्याला असा दिवा आणि उशीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्रही जोडता येतं, हे मी त्या मुलाच्या आईकडून शिकले. व्हीलचेअरवरची मुलं सरावात ब्रेक लावतात, पुढे वाकतात आणि डोकं झाकतात. १९७५च्या कायद्यामुळे इथे विशेष शिक्षणाची गरज असलेल्या प्रत्येक अपंग मुलाचा स्वतंत्र शिक्षण आराखडा असतो. त्यात मी आता हवामानाच्या इशाऱ्याची ओळ आग्रहानं घालायला लावते. इशारा पोचलाच नाही, तर तो दिला असं कसं म्हणायचं?

मी विशेष शिक्षिका, भूगोलाची नाही. पण हवामानाचा विषय शिकवायला घेतला तेव्हा लक्षात आलं की आपण तो सगळा डोळ्यांच्या भरवशावर शिकवतो. ढगांचे फोटो, रंगीत नकाशे, रडारवरचा हिरवा म्हणजे हलका पाऊस आणि लाल म्हणजे जोरदार. हिरवा आणि लाल वेगळे न दिसणारी मुलं तर जवळपास प्रत्येक मोठ्या वर्गात असतात. हवा खरी भेटते ती कातडीला, कानाला, नाकाला. मग सुरुवात तिथूनच का करू नये?

मेघगर्जनेचा पाठ फुग्यानं केला. रेकॉर्ड केलेला गडगडाट स्पीकरवर मोठ्यानं लावला आणि मुलांनी फुगलेले फुगे दोन्ही तळव्यांत धरले. त्या कर्णबधिर मुलानं फुगा छातीशी लावला आणि तो बराच वेळ हलला नाही. गडगडाट ऐकू आला की आत जायचं, हा इथला नियम त्याच्या कामाचा नव्हता. आमच्या वर्गाचा नियम आता ‘वीज दिसली की आत’ असा आहे.

वाऱ्याचा पाठ मैदानात झाला. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञानं १८५७ मध्ये मांडलेला नियम आहे: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, तर कमी दाबाचा प्रदेश डाव्या हाताला असतो. जमिनीलगत घर्षणामुळे तो किंचित पुढच्या बाजूला सरकतो. या नियमाला डोळे लागत नाहीत, पाठ आणि हात पुरतात. जन्मापासून अंध असलेली एक मुलगी दक्षिणेच्या वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली, डावा हात पसरला आणि म्हणाली, "तिकडे." मी फोनवर नकाशा उघडला. कमी दाबाचं केंद्र पश्चिमेलाच होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हवा आणि हवामान यांतला फरक शिकवण्यात. बोलताना आपण दोन्हींना हवामानच म्हणतो, पण शाळेच्या भूगोलात हवा म्हणजे या घडीची आणि हवामान म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी. ते हाताला कसं लागणार? शेवटी स्ट्रॉ आणले. रोजच्या कमाल तापमानाएवढा एक तुकडा, दहा अंश फॅरनहाइटला एक सेंटिमीटर. तापमान मुलं बोलत्या थर्मामीटरवर ऐकायची. सुट्टीच्या दिवसांचे आकडे ओक्लाहोमा मेसोनेट या हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या जाळ्यावरून घ्यायचो. राज्याच्या ७७ही काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, या जाळ्याची केंद्रं आहेत आणि ते १९९४पासून चालू आहे. ऑगस्टपासून मेपर्यंत तुकडे शेजारीशेजारी चिकटवत गेलो. पावणेदोन मीटरची पट्टी झाली, मधे जानेवारीची दरी.

नोव्हेंबरमध्ये एक जोडी वेगळी चिकटवली. ११ नोव्हेंबर १९११ रोजी ओक्लाहोमा सिटीत तापमान ८३ अंशांपर्यंत चढलं आणि उत्तरेची थंड लाट आल्यावर त्याच दिवशी १७ अंशांवर उतरलं. एक तुकडा ८.३ सेंटिमीटर, दुसरा १.७. सेल्सिअसमध्ये २८ आणि उणे ८. बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा रोज सकाळी आधी ती जोडी चाचपतो, मगच दप्तर ठेवतो.

मग खाली दुसरी पट्टी लावली, १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीची. अंध मुलीनं एक हात वर, एक खाली ठेवून दोन्ही एकदम सरकवले. "वरची खडबडीत आहे, खालची गुळगुळीत," ती म्हणाली. हवा आणि हवामान यांची इतकी नेमकी व्याख्या मला कधी जमली नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून २०११ ते २०२० या दशकापर्यंत पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसनं, म्हणजे साधारण दोन अंश फॅरनहाइटनं वाढलं. आमच्या मापात दोन मिलिमीटर. मला वाटलं, एवढं कुणाला काय जाणवणार? पण ब्रेलचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असतो. मी तेवढ्याच फरकाचे दोन तुकडे त्या अंध मुलीच्या हातात दिले. तिनं टोकांवरून बोट फिरवलं आणि लगेच विचारलं, "एवढं? सगळीकडे?"

मेमध्ये भिंती रिकाम्या करायच्या होत्या. ती पट्टी आम्ही काढली नाही. ऑगस्टमध्ये नव्या मुलांची तिच्याखाली लागेल.