सिॲटल: सॅमनच्या पिल्लांसाठी काचेचा फूटपाथ

मे महिन्यात लेकीकडे सिॲटलशेजारच्या बेलव्ह्यूला होतो. सिॲटलला जाणारे सगळे पाइक प्लेस बाजारात विक्रेते एकमेकांकडे फेकतात ते मोठाले मासे बघून येतात. मला सॅमन माशांची पिल्लं बघायची होती. पहिल्या दिवशी भरतीचं वेळापत्रक न बघताच गेलो आणि नुसतं पाणी बघून परतलो. जन्म खाडीकाठी गेलेल्या माणसाने असं करावं! इथे भरती-ओहोटीत ११ फुटांच्या आसपास फरक पडतो. उन्हाळ्यात मोठी ओहोटी दिवसा असते, हिवाळ्यात रात्री. तेव्हा आधी ओहोटीची वेळ बघा, मग दिवस ठरवा. पिल्लं मार्च ते जुलैमध्ये समुद्राकडे निघालेली असतात.

वेस्टलेक स्टेशनवरून उतार धरला की पंधरा मिनिटांत किनारा. (परतताना तोच चढ, गुडघ्यांना विचारून निघा.) तिथला फूटपाथ नीट बघा, त्यात काचेच्या विटा बसवल्यात. मला आधी ती सजावट वाटली. पण सॅमनची पिल्लं उथळ पाण्यातून काठाकाठाने जातात आणि धक्क्याखालच्या काळोखाशी अडतात. वळसा घालून खोल पाण्यात गेली तर मोठे मासे टपलेलेच. किनाऱ्याची जुनी संरक्षक भिंत बदलताना, २०१३ ते २०१७ मध्ये, खाली उजेड पोचावा म्हणून या विटा घातल्या. शिवाय शेवाळ धरावं म्हणून भिंत खडबडीत ठेवली आणि दगडांच्या गाद्या टाकून तळ उथळ केला. वरून यातलं काही दिसत नाही, पायाखालची काच तेवढी दिसते.

तिथून उत्तरेला ऑलिंपिक स्कल्प्चर पार्कची चिमुकली पुळण आहे. पोलराइज्ड गॉगल न्या, पाण्यावरची चकाकी मरते. मला बोटभर माशांचा एक थवा दिसला. सॅमनच होते, असं छातीठोकपणे सांगणार नाही.

दुसरा दिवस डुवामिश नदीसाठी ठेवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिची वळणं कापून सरळ कालवा केला, भोवतीची खाजणं भरून कारखाने उभारले. गोड्या पाण्यातून खाऱ्यात जाताना पिल्लांना सरावायला जागा लागते, ती खाजणांबरोबरच गेली. हेरिंग्ज हाउस पार्कमधून समोर केलॉग बेट आणि जुन्या वळणाचा उरलेला तुकडा दिसतो. रस्त्यापलीकडे इथल्या मूळ रहिवासी डुवामिश लोकांचं लाँगहाउस, म्हणजे त्यांचं सामुदायिक घर, आहे. मी वेळ न बघता गेलो आणि बंद दारावरून परतलो, तुम्ही बघून जा.

याच नदीकाठच्या साउथ पार्क वस्तीला १३२ नंबरची बस जाते. डांबराच्या जुन्या कारखान्याची विषारी माती काढून तिथे २०२२ मध्ये बाग आणि दलदल खुली केली. नदीत गळ टाकायचा मोह आवरा: सॅमन खायला चालतो, पण इथेच राहणारे मासे, खेकडे, शिंपल्या खाऊ नका असे फलक अनेक भाषांत लावलेत.

अशा दलदलीतल्या नव्या लागवडीवर दोऱ्यांची जाळी ताणलेली दिसली तर ओलांडू नका. रानहंस कोवळं गवत मुळासकट उपटतात म्हणून ती असते. आम्ही होतो तेव्हा चार हंस दोरीबाहेर उभे राहून आत बघत होते.