८.८ मिलिसेकंदांचा पाहुणा

लिथियम-११ (लिथियमचा जास्तीच्या न्यूट्रॉनवाला अस्थिर प्रकार) चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा वेळ, फक्त ८.८ मिलिसेकंद, पापणी लवेपर्यंत बहुतेक अणू संपलेले असतात, आणि तरी २००८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ लॅबमध्ये टायटन नावाच्या सेटअपवर त्याचं वस्तुमान मोजलं, हे माझ्या डोक्यातून जातच नाहीये. तराजू वगैरे काही नाही, पेनिंग ट्रॅपमध्ये, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी भारित कण अडकवून ठेवणाऱ्या यंत्रात, आयन चुंबकीय क्षेत्रात गोल फिरतो त्याची फ्रिक्वेन्सी बघायची, जड असेल तर हळू फिरणार, बस. लिथियम-११ मधले दोन न्यूट्रॉन इतके लांब नि सैल, की ११ कणांचं हे केंद्रक शिशाच्या केंद्रकाएवढं पसरतं! ते दोन न्यूट्रॉन किती घट्ट बांधलेत, म्हणजे त्यांना सोडवायला किती ऊर्जा लागेल, हे वस्तुमानातूनच कळतं, आणि उत्तर आलं जेमतेम ३६९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक). एवढ्याशा धाग्यावर टिकतं ते, खरंच कमाल वाटते.