फावड्याला टेकून

पिट्सबर्गला घर घेताना आम्ही शाळा पाहिली, तळघरातली ओल पाहिली. समोरची टेकडी कुणी धरून ठेवलीय, ते मात्र पाहिलं नाही. धरलीय ती पुरुषभर उंचीच्या एका दगडी भिंतीनं. कोपऱ्याच्या दगडावर कोरलंय, 'डब्ल्यूपीए १९३८'. वर्षभर मी ते गवंड्याचं नाव समजत होते.

निघाली सरकारी योजना. महामंदीत, १९३३च्या सुमारास, अमेरिकेत कामकऱ्यांपैकी चारातला एक बेकार होता. रूझवेल्टच्या सरकारनं १९३५ साली ही योजना काढली; १९४३ साली गुंडाळेपर्यंत तिनं सुमारे ८५ लाख लोकांना काम दिलं. पैसा यंत्रांपेक्षा मजुरीत जावा, म्हणून जमेल तेवढं हातानं करायचं. टवाळीही भरपूर झाली. हे लोक फावड्याला टेकून उभं राहायचा पगार घेतात म्हणे!

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे आपली दुष्काळी कामंच की." बाहत्तरच्या दुष्काळात ती आजीबरोबर खडीच्या कामावर जायची. तिथे खायला मिळणाऱ्या सुकडीची चव तिला अजून आठवते, रस्ता कुठला ते नाही.

तेव्हापासून मी भिंत वाचायला लागले. डाव्या टोकाला सांधे एकावर एक, सरळ रेषेत आलेत. असं करायचं नसतं. वरच्या दगडानं खालचा सांधा झाकायचा, हे गवंडीकामाच्या बाराखडीतलं 'क'. दहा-बारा पावलांवर चूक कमी होते. उजव्या टोकाला एकही सांधा सरळ खाली उतरत नाही, कोपऱ्याचे दगड आलटून पालटून लांब-आखूड. कुणीतरी, कदाचित कारखान्यातून कमी केलेला माणूस, इथे काम करता करता गवंडी झालाय. वारसा काय तो या वीस पावलांत आहे.

गेल्या हिवाळ्यात भिंतीला पोट सुटलं. मधे कधीतरी कुणी दरजा सिमेंटनं पक्क्या बुजवल्या होत्या, पाणी बाहेर पडायच्या भोकांसकट. अशी भिंत मातीचं ओझं पेलते. मागे तुंबलेलं पाणी तिला झेपत नाही, आणि ते गोठलं की संपलंच.

आता दगड उतरवून पुन्हा रचायचेत. प्रत्येकावर खडूनं आकडा पडलाय. काल गवंडी डाव्या टोकाशी उभा होता, फावड्याला टेकून.

"हे सांधे चुकलेत," म्हणाला. "रचताना नीट करून टाकू?"

मी एवढ्या जोरात 'नको' म्हणाले, की तो दचकलाच.