रुमालाला इस्त्री

माझ्या खोलीला खिडकी नाही. तापमान बारा महिने २२ अंश, त्यामुळे बाहेर पुणं मे महिन्यात भाजून निघत असतं तेव्हा मी आत स्वेटर घालून बसलेला असतो. खोलीत एक कॉनफोकल मायक्रोस्कोप, म्हणजे लेझरच्या उजेडात पेशींचे फोटो काढणारं मशीन आहे आणि त्याचा सांभाळ हे माझं काम. पीएच.डी.च्या मुलांना मशीन वापरायला शिकवायचं आणि ती वापरून गेली की लेन्स पुसायची. शिकवणं वर्षातून चारदा, पुसणं रोज. ६३एक्सच्या, म्हणजे ६३ पट मोठं दाखवणाऱ्या लेन्सला तेल लागतं, शेजारच्या ४०एक्सला ते चालत नाही. तेलातली स्लाइड काढायला विसरून लेन्स फिरवली की कोरड्या लेन्सच्या तोंडाला तेल फासलं जातं आणि पुढच्याला सगळं धुक्यात दिसतं. मग तो मला येऊन सांगतो, "सर, मशीन बिघडलंय." हे वाक्य मी एकवीस वर्षं ऐकतोय. मशीन क्वचितच बिघडलेलं असतं.

रविवारी मी साधा कॅमेरा घेऊन फिरतो. तोही छंद प्रकाश मोजण्याचाच, फक्त पेशींच्या जागी बगळे असतात.

आता मुद्द्यावर येतो. गोष्ट गेल्या पावसाळ्यातली आहे, पण अजून डोक्यातून जात नाही.

एका लॅबमधली तिसऱ्या वर्षाची मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. त्यांचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, जर्नलकडून सुधारणांसाठी परत आला होता आणि दोन दिवसांत पाठवायचा होता. जर्नलला फिगर, म्हणजे पेपरातलं चित्र, छपाईला पुरेल इतक्या बारीक ठिपक्यांत, ३०० डीपीआयमध्ये हवी होती आणि तिचं सॉफ्टवेअर काहीतरी गोंधळ घालत होतं. पाच मिनिटांचं काम. फाइलचं नाव 'फायनल_फायनल_२'. इथे 'फायनल' नावाची फाइल कधीच शेवटची नसते, हे अनुभवाने सांगतो.

फिगरमध्ये सहा चौकटी होत्या. निळी केंद्रकं, हिरवी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले भाग. निरोगी पेशीत मायटोकॉन्ड्रिया दोऱ्यांसारखी लांब दिसतात. औषध दिलं की दोरे तुटून त्यांचे मणी होतात, हा त्यांचा शोध. पण औषध विरघळवायला जे द्रावक वापरतात, ते एकटंच तर पेशींना त्रास देत नाही ना, हे दाखवावं लागतं. जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाने, रिव्ह्यूअरने, नेमकं तेच मागितलं होतं: नुसतं द्रावक घातलेल्या पेशी, २४ तासांनंतर. माझ्या मते हा त्या पेपरला विचारलेला एकमेव शहाणा प्रश्न होता.

मी चौकटींच्या कडा जुळवत होतो. तिसऱ्या चौकटीत खालच्या बाजूला एक केंद्रक होतं, एका बाजूने चेपलेलं, काजूसारखं. आणि पहिल्या चौकटीतही एक काजू होता, डाव्या कडेला, उभा. काजूच्या शेजारी दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या, इथेही आणि तिथेही. मी काही न बोलता मान वाकडी करून पाहिलं. पहिली चौकट शून्य तासाची, तिसरी २४ तासांची. पेशी त्याच.

डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मीच मुलांना शिकवतो. म्हणून तिला चहा घ्यायला पाठवलं आणि वजाबाकी केली.

ही वजाबाकी बाहेरच्या माणसाला माहीत नसते, आणि मला तिचा अभिमान आहे, म्हणून जरा सांगतो. मायक्रोस्कोपखालचा फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता, प्रत्येक ठिपक्याला एक आकडा. प्रकाशाचे कण पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखे येतात. पत्रा तोच असला, सर तेवढ्याच जोराची असली, तरी दोन सरींचे थेंब त्याच-त्याच जागी पडत नाहीत. म्हणून एकाच पेशीचे लागोपाठ दोन फोटो काढले आणि एकातून दुसरा वजा केला, तरी पडद्यावर करडी वाळू उरते. ती वाळू म्हणजे खरेपणाची खूण. आणि काहीच उरलं नाही तर ते दोन फोटो नव्हेत. तो एकच फोटो दोनदा.

मी सर्व्हरवरून शून्य तासाची मूळ फाइल काढली आणि नव्वद अंशांत फिरवली. नव्वदमध्ये फिरवलं की ठिपके जसेच्या तसे राहतात, फक्त जागा बदलतात. सदतीस अंशांत फिरवलं असतं तर सॉफ्टवेअरने मधले आकडे स्वतःच्या मनाने भरले असते आणि माझं काम अवघड झालं असतं. तिसऱ्या चौकटीचा उजळपणा थोडा वाढवलेला होता. किती वाढवला ते जुळवायला तीन प्रयत्न लागले. चौथ्या वेळी बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. मिट्ट. एक कोपरासुद्धा चमकला नाही. मी उगाच माउस हलवून पाहिला.

मग माझं रजिस्टर काढलं. बुकिंग ऑनलाइन झाल्यापासून या निळ्या रजिस्टरची सगळे थट्टा करतात. ऑफिसने तर ते बंद करा असं दोनदा लेखी कळवलंय. तिसऱ्या चौकटीच्या फाइलच्या नावातल्या तारखेला त्या लॅबचा दोन तासांचा स्लॉट ऑनलाइन दिसत होता, नीट, हिरव्या रंगात. रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'एसी बंद. लेझर लावू नये.' त्या दिवशी मशीन सुरूच झालं नव्हतं. ऑनलाइन पद्धत बुकिंग झालं एवढंच सांगते, काम झालं का ते तिला ठाऊक नसतं.

मुलगी परत आली. तिला पडदा दाखवला. तिचा चेहरा उतरला, पण ती पहिल्यांदा जे बोलली ते मला खरं वाटलं: "सर, ही चौकट माझी नाही. ही दादाने लावली." दादा म्हणजे लॅबमधला पोस्टडॉक, पीएच.डी. झाल्यावर तिथे संशोधन करणारा. त्याला बोलावलं. तो आला, पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "अहो सर, जागा धरून ठेवली होती. खरा फोटो आला की बदलायचा होता. राहून गेलं."

एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तसं. हे होतं. मी स्वतः पाहिलंय. फिगरचा आराखडा आधी मांडतात, रिकामी चौकट वाईट दिसते म्हणून काहीतरी चिकटवतात. पण रुमाल टाकून जागा धरणारा माणूस रुमालाला इस्त्री करत नाही. हा फोटो फिरवलेला होता, कापलेला होता, उजळलेला होता.

त्याने उजळपणाचं उत्तर दिलं. सगळ्या चौकटींवर एकच मॅक्रो, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांची यादी, चालवतो म्हणे. मी मॅक्रो उघडून पाहिला, खरंच होता, आणि आकडाही जुळत होता. फिरवण्याचं मात्र "आठवत नाही सर" एवढंच. मी अजून त्या वाक्यापाशी अडकलोय. खोटं बोलणारा माणूस काहीतरी कारण रचतो. 'आठवत नाही' हे एकतर फार प्रामाणिक उत्तर असतं किंवा फार मुरलेलं.

एलिझाबेथ बिक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास छापला. ४० जर्नलांमधले २०,६२१ पेपर बाईंनी नुसत्या डोळ्यांनी तपासले. ३.८ टक्के पेपरांत चित्रांची संशयास्पद पुनरावृत्ती सापडली. त्यांनी तीन प्रकार केले: जशीच्या तशी नक्कल, जागा सरकवून किंवा फिरवून केलेली नक्कल, आणि आत खाडाखोड केलेली. पहिल्या प्रकारात चूक असू शकते. दुसऱ्यापासून हेतूचा वास यायला लागतो. आमची चौकट दुसऱ्या खणात बसत होती. खण कळला, माणूस कळत नव्हता.

या सगळ्यात ती मुलगी शेजारी उभी होती. पोस्टडॉक गेल्यावर तिने एकदम विचारलं, "सर, बाहेरचा तो न्यूरॉनचा फोटो तुमचाच ना? त्यात जराही कचरा कसा नाही? माझ्या स्लाइडवर तर नेहमी असतो."

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला तंत्र हवं होतं.

माझ्या खोलीबाहेर तीन फूट बाय दोन फूट फोटो लावलाय. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवा न्यूरॉन, फांद्या पसरलेला. संस्थेच्या दिनदर्शिकेतही छापला गेला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला शाळांची मुलं येतात, ती त्याच्यासमोर थांबतात. एकदा एका मुलाने विचारलं होतं, "मेंदू खरंच हिरवा असतो का?" मी त्याला दहा मिनिटं खोट्या रंगाबद्दल सांगितलं: कॅमेरा फक्त उजेड मोजतो, रंग आपण देतो. मोठ्या प्रामाणिकपणाने सांगितलं. डाव्या कोपऱ्यातले मेलेल्या पेशींचे दोन गोळे मी क्लोन स्टॅम्पने, म्हणजे फोटोतला एक भाग दुसऱ्यावर चिकटवणाऱ्या साधनाने, पुसलेत, हे मात्र सांगितलं नाही. ते तोपर्यंत मलाच आठवत नव्हतं. पोस्टडॉकला आठवत नव्हतं, तसंच.

मी तिला म्हटलं, "तो सजावटीचा फोटो आहे गं, पुरावा नव्हे." हे बरोबरच आहे. माझ्या बगळ्यांच्या फोटोतूनही मी विजेच्या तारा काढतो आणि झोप नीट लागते. पण हे म्हणताना १९८२ सालचं ते नॅशनल जिओग्राफिकचं मुखपृष्ठ आठवलं. आडवा फोटो उभ्या पानात बसावा म्हणून त्यांनी गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले होते. तेही म्हणाले असतील, मुखपृष्ठ म्हणजे सजावटच.

आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमध्ये मी दरवर्षी १९१९ च्या ग्रहणाची गोष्ट सांगतो. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो ते मोजायला इंग्रजांच्या दोन तुकड्या गेल्या, एक आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर, एक ब्राझीलमधल्या सोब्रालला. आइनस्टाइनचा आकडा १.७५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), न्यूटनच्या हिशोबाचा त्याच्या निम्मा. सोब्रालच्या लहान दुर्बिणीने १.९८ दिला, प्रिन्सिपेने १.६१. सोब्रालच्या मोठ्या दुर्बिणीच्या प्लेटवर तारे फोकसमधून गेलेले, त्यांचा आकडा ०.९च्या आसपास, म्हणजे न्यूटनकडचा. त्या प्लेट बाजूला ठेवल्या. पुढे अनेकांनी प्रिन्सिपेच्या तुकडीचे प्रमुख एडिंग्टन यांच्यावर नावडते पुरावे टाकल्याचा आरोप केला. १९७९ मध्ये त्याच प्लेट यंत्रावर पुन्हा मोजल्या तर आकडा आइनस्टाइनकडे झुकला. पण मला त्याहून वेगळी गोष्ट आवडते. त्या लोकांनी त्या प्लेट टाकल्या, पण का टाकल्या आणि त्यांचा आकडा काय येत होता, ते आपल्या पेपरात छापून टाकल्या. म्हणूनच साठ वर्षांनी कुणाला उठून भांडता आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गाईड मॅडमना भेटलो. त्यांनी वजाबाकी पाहिली, दार लावलं, पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "प्रयोग पुन्हा करू. मुदतवाढ मागते." पोस्टडॉकबद्दल एक शब्द नाही. मीही विचारला नाही.

प्रयोग पुन्हा झाला, तो त्या मुलीने केला. पेशी वाढवल्या, २४ तास नुसत्या द्रावकात ठेवल्या, स्लाइड केल्या. मी एक अट घातली: फाइलींची नावं मी बदलणार, नुसते आकडे, आणि मोजणाऱ्याला कुठली चौकट कुठली ते कळणार नाही. कुठला आकडा कुठल्या फोटोचा, ती चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये. तिने तीन दिवस पेशी मोजल्या: दोरे, मणी, दोरे, मणी. चौथ्या दिवशी चिठ्ठी उघडली.

नुसत्या द्रावकातही बऱ्याच पेशींचे दोरे तुटलेले होते. औषध दिलेल्यांत जास्त तुटले होते, पण पेपरात लिहिलं होतं तेवढा फरक नव्हता. चिकटवलेली चौकट तशीच छापली गेली असती, तर नेमकी हीच गोष्ट झाकली गेली असती. ठरवून किंवा न ठरवता.

पेपर परत लिहिला गेला, दावा लहान झाला आणि तो आधीच्यापेक्षा लहान जर्नलमध्ये छापून आला. पोस्टडॉकचं नाव पहिल्यासारखंच आहे. तो आता परदेशात आहे, जाताना मला पेढे देऊन गेला. संस्थेच्या समितीकडे मी लेखी काही दिलं नाही. छापलंच गेलं नाही तर तक्रार कशाची, असं तेव्हा म्हटलं. शिवाय त्याचं करिअर, मॅडमची ग्रँट, मुलीची थीसिस. खरं सांगायचं तर रजिस्टरमध्येही मी त्या दिवशी एवढंच लिहिलंय: 'फिगर ३०० डीपीआय करून दिली.' ज्या रजिस्टरचा मला एवढा अभिमान, त्यात.

न्यूरॉनच्या फोटोखाली मात्र एक पट्टी छापून चिकटवली: 'रंग कृत्रिम. डाव्या कोपऱ्यातील मृत पेशींचे अवशेष पुसले आहेत.' ऑफिसमधले एक गृहस्थ म्हणाले, "एवढा छान फोटो, कशाला घाण केलीत?" ऑगस्टच्या दमट हवेत पट्टीचा एक कोपरा सुटला. नंतर एके दिवशी ती दिसली नाही. सफाईवाल्या मावशींना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. नवी छापून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, त्या चिठ्ठीशेजारी. टेप आणायची राहिली आहे.