येरळवाडीत ‘छोटा रोहित’? आधी चोच बघा

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात येरळवाडी, मायणी, सूर्याचीवाडी इथल्या पाणवठ्यांवर हिवाळ्यात उतरतात ते मोठे रोहित, म्हणजे ग्रेटर फ्लेमिंगो. छोट्या रोहिताचा (लेसर फ्लेमिंगो) मुक्काम कच्छात आणि मुंबई-ठाण्याच्या खाडीत. म्हणून साताऱ्यातून ‘छोटा रोहित’ अशी नोंद ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आली की नोंदी तपासणारा रिव्ह्यूअर पुरावा मागतो. मागायलाच हवा.

गोंधळ होतो तो मोठ्या रोहिताच्या पिल्लांमुळे. ती करडी-तपकिरी आणि बुटकी असतात, चोच राखाडी असते. पण चोचीचं टोक काळं आणि बाकीची फिकट, हा फरक स्पॉटिंग स्कोपमधून (पक्षी बघायच्या दुर्बिणीतून) कळतो. छोट्या रोहिताची चोच मुळापासूनच गडद, लांबून काळीच वाटते. प्रौढाचा डोळाही बघा: मोठ्याचा फिकट पिवळा, छोट्याचा तांबूस. आकारावर मात्र विसंबू नका. मोठ्या रोहितात नर मादीपेक्षा बराच उंच, त्यामुळे एकाच थव्यात दोन जाती असल्यासारखं दिसतं. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात गुलाबी रंगही उगाच गडद दिसतो.

फोटो उभ्या पक्ष्याचा, एका बाजूने, चोच स्पष्ट दिसेल असा हवा. शिवाय थव्यासोबतचा एक, तुलनेसाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तारीख-वेळेचा मेटाडेटा निघून जातो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कॅमेऱ्याचं घड्याळही बरोबर आहे ना ते बघा, बॅटरी पार उतरल्यावर तारीख चुकू शकते.

ठिकाण लिहिताना हे तिन्ही पाणवठे सरसकट ‘मायणी’ म्हणून टाकू नका. अंतर किलोमीटरांत आहे, पुढच्या माणसाला पक्षी शोधायचाय. अन् ‘जिल्ह्यातली पहिलीच नोंद’ ही घाई तर नकोच. येरळा नदी साताऱ्यातून सांगलीत जाते, पक्षी सीमा पाहून उतरत नाही.

ई-बर्डवर टिपण लिहिताना ‘नक्की छोटाच होता’ हे वाक्य कुचकामी. चोच, डोळा, अंतर, उजेड, किती वेळ पाहिला, आणि मोठ्या रोहिताचं पिल्लू का नाही, ते लिहा. हे सगळं पुस्तक उघडायच्या आधी, नाहीतर चित्रातली लक्षणं आठवणीत घुसतात. चोच दिसलीच नसेल तर जात न ठरवता नुसता ‘रोहित’ लिहा, ती नोंदही उपयोगाची असते.