काटा 48 वर होता

मे महिन्यात भर दुपारी शिकाऊ पोराला सेसना 172 या छोट्या विमानात बसवू नये, हे आमच्याकडे, विमान शिकवणाऱ्यांत, सगळ्यांना कळतं. पण रोस्टर एसीत बसून लागतं. सकाळचे तास भरले की उरलेली पोरं दोन वाजता.

नागपूरचा सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून 1033 फुटांवर. त्या दिवशी तापमान 45, क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब, 1003. ब्रीफिंगला डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते, काढायला सांगितलं. वर्ध्याच्या पोराने झटक्यात काढलं, साधारण 5200 फूट. म्हणजे चाकं नागपुरात आणि पंख जवळजवळ कळसूबाईवर. उत्तर बरोबर, मी खूश.

स्पीडचा काटा अशा हवेत फसवत नाही. तो हवेचा रेटाच मोजतो. 55 नॉट दाखवले की पंखाला पुरतं. पण हवा विरळ, म्हणून वारा नसेल तर त्या 55 साठी जमिनीवर 59-60 नॉटने पळावं लागतं. वरून इंजिनाला हवा कमी, प्रोपेलरला पकड कमी, विमान रेंगाळतं. शिकाऊ माणूस काटा सोडून खिडकीबाहेर बघतो. धावपट्टी केव्हाची पळतेय, रोजची उचलायची जागा गेली.

"सर, उडूनच नाही राह्यलं!" म्हणत त्याने योक, विमानाचं स्टिअरिंग, ओढलं. काटा 48 वर.

चाकं सुटली. जमिनीलगत पंखाला मागे खेचणारा हवेचा विरोध कमी असतो, तेवढ्यावर आम्ही तरंगलो. स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल सुटत आल्याचा, भोंगा वाजला, डावा पंख कलला. त्याने योक उजवीकडे दिलं, तर काही क्षण काहीच नाही. 48 ला एलेरॉनवर, विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या पट्टीवर, रेटाच किती? मग त्याने आणखी दिलं. पोरं तेच करतात.

"सोड, माझ्याकडे!" नाक खाली घेतलं, पंख शेपटीच्या रडरने सावरला. चाकं एकदा टेकली, काटा 60 पार गेला, मग कुठे विमान वर चढलं.

उतरल्यावर त्याने विचारलं, "काटा बिघडला होता का सर?" नव्हता. 5200 हा आकडा मी त्याच्याकडून कागदावर काढून घेतला. रोजची जागा ओलांडून धावावं लागेल, हे धावपट्टीवर बोट ठेवून दाखवलं नाही.

पण 48 वर योक ओढणं ही त्याची चूक. माझी खरी चूक वेगळीच. धावपट्टी 3200 मीटरची, आम्ही पाव भागही वापरला नव्हता. चाकं टेकली तेव्हा थ्रॉटल मागे ओढून, इंजिनाचा जोर काढून, सरळ थांबता आलं असतं. हात थ्रॉटलवरच होता. मी तो पुढेच दाबून धरला.